चव न बघता

१७ ऑक्टोबर २००४, रविवार

शेजारच्या वॉल्टच्या गराजमधून सगळं सामान आणलं. निमुळत्या गळ्याची मोठी काचेची बरणी, पातेलं, रबरी नळी, बुचं बसवायचं हत्यार, रिकाम्या बाटल्यांची खोकी. गुडघ्यांमुळे त्याला आता भरलेली बरणी उचलवत नाही. रिटायर होण्याच्या कितीतरी आधीपासून घरी बीअर करत होता. मलाच का देतोयस, म्हणून विचारलं. म्हणाला, "तू केमिस्ट आहेस. आणि तू गवत सरळ रेषेत कापतोस."

शुभाशी बोललो. सामान आणून मग बोललो; उलट करायला हवं होतं. ती बराच वेळ भांडी लावत राहिली. तिचे मोठे भाऊ सुधीरदादा या वर्षात दुसऱ्यांदा नागपूरला हॉस्पिटलमध्ये आहेत. दारू. बँकेतली नोकरी त्याआधीच गेली. हे सगळं माहीत असून मी खोकी आणली. मला बनवण्यात रस आहे, पिण्यात नाही, असं तिला सांगितलं. खरं आहे, असं वाटतं.

"मग तू प्यायची नाहीस," ती म्हणाली.

"चवीपुरती?"

"आई महालक्ष्म्यांचा अख्खा स्वयंपाक चव न बघता करते. सोळा भाज्या, कढी, पुरण. देवाच्या आधी जिभेला लावत नाही. मीठ कधी चुकलं नाही तिचं. तू तर शिकलेला आहेस."

मान्य केलं. नैवेद्य कुणाला, हे विचारायचं सुचलं नाही.

१४ नोव्हेंबर, रवि.

न्यू जर्सीत घरी बीअर करायला राज्याचा परवाना लागतो. वॉल्टने जन्मात काढला नाही. माझा आला, मग पातेलं चढवलं.

पहिला घाणा. (पुस्तकात बॅच म्हणतात. घाणा बरा.) माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूचा, काकवीसारखा पाक पाण्यात घालून तासभर उकळायचा. कडूपणासाठी हॉप्स, सुकी हिरवी फुलं दाबून केलेल्या गोळ्या. घरभर वास. मुक्ता जिन्यावरून: "बाबा, इट स्मेल्स लाइक अ वेट डॉग." तेरा वर्षांच्या मुलीचं मत. नोंद केली.

काढा निवला की यीस्ट घालायचं, म्हणजे विरजणच. पण तोवर प्रत्येक वस्तू जंतुनाशकात बुडवलेली हवी, आणि ती कशाला शिवता कामा नये. मी दोन्ही हात वर धरून स्वयंपाकघरातून चाललो होतो. शु. म्हणाली, "आजीला दाखवायला हवं होतं. जावई सोवळ्यात दारू करतोय."

हसली. हसली म्हणून बरं वाटलं.

१६ नोव्हेंबर

बरणी बेसमेंटमध्ये. तोंडावर पाण्याची छोटी झडप असते, तिच्यातून बुडबुडे यायला हवेत. काल नाही, आजही नाही. खाली थंडी आहे. आमच्याकडे थंडीत आई विरजणाचं पातेलं गोधडीत गुंडाळून कोठीत ठेवायची. बरणीला गोधडी गुंडाळली आणि भट्टीशेजारी सरकवली. म्हणजे घर तापवायची भट्टी.

१८ नोव्हेंबर

जोरात चाललंय. फेस झडपेतून बाहेर येऊन गोधडीवर सांडला. मी बराच वेळ खाली उभा राहून पाहिलं. शु. आली. "ती मुक्ताची बाळपणीची गोधडी आहे."

मला ती फक्त गोधडी दिसली होती.

५ डिसेंबर

बाटल्या भरल्या. वास बरा नाही. नेलपॉलिश पुसायच्या द्रवासारखा, त्यात पिकलेलं केळं. नवीन असल्यामुळे असेल. चव घेतली असती तर कळलं असतं. की नसतं? कशी लागायला हवी हे तरी मला कुठे माहिती आहे. वर्षातून दोनदा ऑफिसच्या पार्टीत अर्धा ग्लास, एवढीच माझी पुंजी.

२ जानेवारी २००५

वॉल्ट आणि घाटे आले होते. घाटे जर्सी सिटीचा, आयटीत, मूळ नागपूरचा, शु.च्या कॉलेजात तिच्या मागच्या वर्षाला होता. तीन बाटल्या प्यायला. "झकास, यार." वॉल्टने एक घोट घेतला, भिंतीकडे पाहिलं, म्हणाला, "इंटरेस्टिंग." या देशात आल्यापासून हा शब्द मी ऐकतोय. माझ्या पहिल्या प्रेझेंटेशनलाही हाच मिळाला होता.

जाताना दारात त्याने विचारलं, बरणी कुठे ठेवली होतीस. सांगितलं. गोधडीचंही सांगितलं. तो दाराला धरून हसला. "ते बाळ नाहीये रे. त्याला थंड लागतं. खोलीपेक्षा थंड."

दही उबेत लागतं, इडलीचं पीठ उबेत फुगतं, म्हणून आंबणाऱ्या प्रत्येक गोष्टीला ऊब हवी, असं मी धरून चाललो. आठवडाभर लॅबमध्ये औषधाच्या गोळ्यांच्या तपासणीत तापमानाची नोंद राहून गेली म्हणून दुसऱ्यांचे अहवाल परत पाठवतो.

२० फेब्रुवारी

दुसरा घाणा. बरणी बेसमेंटच्या लांबच्या कोपऱ्यात, शेजारी थर्मामीटर. गोधडी नाही. सगळं पुस्तकाप्रमाणे. बाटल्या भरताना बीअरमध्ये साखरेचं पाणी ढवळायला लांब काही हवं म्हणून पुढच्या महिन्यात शु.चा मोठा डाव घेईन.

फोन: सुधीरदादा पुन्हा एकदा हॉस्पिटलमधून घरी आले आहेत. संक्रांतीपासून बंद आहे म्हणतात. शु. वहिनींशी बोलली, मग दादांशी, मग परत वहिनींशी. फोन ठेवून म्हणाली, "आवाज कोरडा होता." म्हणजे चांगला.

१ मे

दुसरा घाणा सर्वांना आवडला. घाटे: "एक नंबर." वॉल्ट यावेळी इंटरेस्टिंग म्हणाला नाही; काहीच म्हणाला नाही, हवामानावर बोलला. पाहुणे गेल्यावर घाटेचा ग्लास खिडकीतल्या तुळशीच्या कुंडीमागे सापडला. अर्धा भरलेला.

खोटं बोलतात असं म्हणणार नाही. मी ज्याला विचारतो तो माझ्याकडे जेवायला आलेला असतो. अशा माणसाकडून खरं काय ऐकायचं. आणि मी स्वतः तोंडात घेऊ शकत नाही. पीएच मोजता येईल. पण लॅबचं उपकरण घरच्या कामाला वापरायचं नाही, हा माझाच नियम. पट्ट्या विकत मिळतात हे आत्ता लिहिताना सुचलं.

४ जून, शनि.

दादा उन्हाळ्यासाठी येणार. व्हिसा झाला. वहिनींना शाळेतून रजा नाही, ते एकटेच येतील. शु. आनंदात आहे आणि झोपत नाही.

बाटल्यांचं काय करायचं यावर दोन दिवस चर्चा. मी म्हटलं, ओतून टाकतो. तिने मला थांबवलं. इतके महिने तू घालवलेस. मी म्हटलं, मग सरळ सांगू त्यांना. "वेडा आहेस का? इतक्या लांबून येणार आणि घरात काय, तर बाटल्या." शेवटी सगळं परत वॉल्टच्या गराजमध्ये. खोकी हिरवळीवरून नेताना मुक्ता झोक्यावर बसून बघत होती. तिला काही सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. मुलांना विचारावं लागत नाही.

१२ जून

दादा आले. वाळले आहेत. कॉलर मानेपासून लांब उभी राहते. शु.ने विमानतळावर त्यांना धरलं तेव्हा मी दुसरीकडे पाहिलं. खरं म्हणजे तिचं डोकं त्यांच्या खांद्याशी गेलं ते वास घ्यायला, असं मला वाटलं. तिला विचारणार नाही.

१९ जून

जेमतेम आठवडा लपलं. मुक्ता जेवताना: "मामा, डिड यू नो बाबा मेक्स बीअर?" शु.चा चमचा ताटात पडला.

दादा माझ्याकडे पाहत राहिले. मग: "अरे वा, जावईबापू! तुम्ही भट्टी लावली अन् आम्हाला पत्ता नाही?"

"सोडलं आता," मी म्हटलं. हे खरं नव्हतं. पंधरवड्यापूर्वीपर्यंत तरी नव्हतं.

"काहून? माझ्यासाठी?" मग बहिणीकडे वळून, "शुभे, तुम्ही लोक येडेच आहात. इथे तर दुधाच्या बाजूला बीअर विकून राहिले, पेट्रोल पंपावर पाट्या. तू काय अख्खी अमेरिका शेजाऱ्याच्या गराजमध्ये टाकशील?"

दुधाच्या शेजारी इथे विकत नाहीत, निदान न्यू जर्सीत. पण तो मुद्दा नव्हता.

२६ जून

दादांनी पाहायला मागितलं. शु. मुक्ताला घेऊन पोहण्याच्या क्लासला गेली होती. ती असती तर मी नेलं असतं का? नाही, बहुतेक.

वॉल्टच्या गराजमध्ये तिघे. दुसऱ्या घाण्यातली एक बाटली वॉल्टने उघडून ग्लासात ओतली आणि मला दिली. दादांनी माझ्या हातून घेतली. ग्लास धरण्याची त्यांची पद्धत आम्हा दोघांपेक्षा सराईत. नाकाशी नेली. त्यांनी डोळे मिटले, वास घेतला, ग्लास पुन्हा माझ्या हातात दिला.

"यात ताक पडलं होतं का, जी?"

मी नाही म्हटलं.

"आंबट आहे. दारूचा आंबट नाही हा. डोशाच्या पिठाचा आहे."

डाव. शु.चा मोठा डाव. मी तो गरम पाण्यात धुतला, जंतुनाशकात बुडवला नाही, कारण घरचं भांडं स्वच्छच असतं. एवढं सोवळं पाळून शेवटी इडलीच्या पिठाचा डाव घातला. वॉल्टला समजावून सांगितलं. वॉल्ट हळूच म्हणाला, "मला आंबट लागली होती. तुझ्या बायकोसमोर कसं सांगणार."

घरी येताना मी खूष होतो. हे लिहून ठेवायला हवं. ज्या माणसाच्या नाकाशी मी ग्लास जाऊ दिला त्याचं काय झालं याचा विचार मी हिरवळ ओलांडेपर्यंत केला नाही. मी विचार करत होतो की, अखेर कुणीतरी खरं सांगणारं भेटलं.

१० जुलै

तिसरा घाणा. सामान वॉल्टकडून परत आणलं; दादा शेजारी. हॉप्सची पाकिटं एकेक हुंगून त्यांनी एक बाजूला काढलं: "हे जुनं आहे, गवत झालं." काढ्यावर वाकून आच कमी करायला लावली. शु. त्या वेळी घरात होती, वर. वास तिला आलाच. खाली आली नाही.

१२ जुलै

गराजमधलं तिला आज सांगितलं. परवाचं तिला कळलंच होतं, पण ग्लासचं तिला माहीत नव्हतं. मला वाटलं ती ओरडेल. म्हणाली, "त्याला विचारलंस, कसं वाटतं वास घेताना?"

नाही विचारलं. बीअर कशी आहे एवढंच विचारलं.

"विचार," ती म्हणाली. "मला विचारायची भीती वाटते."

१३ जुलै

संध्याकाळी तळ्याभोवती दादांबरोबर चाललो. विचारलं. वाक्य मनात जुळवून ठेवलं होतं, ते अर्धवटच आलं.

ते चालत राहिले. म्हणाले, "वासाचं काय विचारता. वास मला झोपेतही येते."

मग, बदकांपाशी आल्यावर: "नागपूरला हिनं खोकल्याचं औषधसुद्धा कुलपात ठेवलं. बरोबरच आहे तिचं. पण तिथं मला कोणी काही विचारत नाही. भाजी कोणती आणू, हेही नाही. तुम्ही नाकाशी ग्लास धरून विचारता, दादा, कसं झालं? मला चांगलं वाटते."

मी म्हटलं, ते धोक्याचं नाही का?

"आहे नं," ते म्हणाले. बदकांसाठी पाव आणायला हवा होता, असंही म्हणाले.

शु.ला दोन्ही उत्तरं जशीच्या तशी सांगितली. तिने फक्त दुसरं, “आहे नं”, परत सांगायला लावलं.

१४ ऑगस्ट

तिसरा घाणा उघडला. आमच्याच डेकवर, कारण आता लपवण्यात अर्थ नव्हता. वॉल्ट, घाटे, घाटेची बायको. दादांनी पहिला ग्लास हुंगला आणि म्हणाले, "झालं." एवढंच. मग सगळ्यांना तेच ओतत होते, तिरका ग्लास, वर दोन बोटं फेस. शु. कणसं भाजता भाजता त्यांच्या हाताकडे पाहत होती. एक कणीस पार जळलं.

वॉल्टने दुसरी मागितली. घाटेने ग्लास रिकामा केला, मी कुंडीमागे पाहून खात्री केली. चव काय आहे मला माहीत नाही. लोकांच्या तोंडाकडे बघून चांगली असावी.

सगळे गेल्यावर दादा सिंकपाशी हात धूत होते. साबण, पाणी, परत साबण. मी ताटं घेऊन आत गेलो तरी थांबले नाहीत. मी ताटं ठेवून बाहेर आलो.

३ सप्टेंबर

दादा गेले. वजन थोडं वाढलं होतं, कॉलर मानेला लागत होती. विमानतळावर मला बाजूला घेऊन: "चौथा घाणा पुढच्या उन्हाळ्यात. माझ्याशिवाय लावाल तर ताकच होईल तुमचं."

गाडी टर्नपाइक हायवेवर आल्यावर शु. म्हणाली, "त्याला परत यायला एक कारण तर झालं."

मी हो म्हटलं. कारणाचं नाव दोघांनीही घेतलं नाही.

२० नोव्हेंबर

दर रविवारी सकाळी दादांचा फोन. पहिला प्रश्न: "लावली तर नाही नं?" नाही. बरणी उलटी करून ठेवली आहे. शु.शी मग तासभर बोलतात. ती त्यांच्याशी बोलताना पुन्हा "करून राहिले, जाऊन राहिले" वर येते. मुक्ता तिची नक्कल करते.

त्यांना काही पुस्तकं हवी होती, बीअरची, सोपी. पाठवली. शु.ला सांगून. तिने विचार करून हो म्हटलं. वाचायला हरकत काय, असं दोघांनी एकमेकांना सांगितलं.

२२ जानेवारी २००६

फोन नाही. मागच्या रविवारीही नव्हता. आम्ही केला. वहिनी म्हणाल्या, "ते गच्चीवर आहेत." शु. म्हणाली, बोलव ना. "हात भरलेले आहेत त्यांचे." फोन ठेवल्यावर शु.: "या वेळी काय करतोय गच्चीवर?" आवाज कसा होता, मी विचारलं. "वहिनीचा? वहिनीचा नेहमीसारखाच. मला कधीच कळला नाही तो."

५ फेब्रुवारी

दादांचा फोन, मला. आधी मलाच द्यायला सांगितलं.

"जावईबापू, सातू घेतला, भिजवला, मोड आणले, गच्चीवर वाळवला. कढईत भाजला. हिला वाटते मी सातूचं पीठ करून राहिलो." हसले. "सगळं जमलं. यीस्ट नाही जमत. ब्रेडचं टाकून पाहिलं, वास बरोबर नाही आला."

म्हणजे लावून झाली आहे.

"फक्त वासच पाहिला ना, दादा?"

"वासच," ते म्हणाले. जरा थांबून. किंवा ती लाइन थांबली असेल. इतक्या लांबून येणाऱ्या आवाजात थांबणं कुणाचं हे ठरवता येत नाही.

"घाटे येऊन राहिला न नागपूरला, त्याच्याजवळ एक पाकीट द्या. तुम्ही वापरता ते."

मी विचारलं, वहिनींना खरं का सांगत नाही? म्हणाले, "तुम्ही शुभीला पहिल्या दिवशी विचारून आणलं होतं का सामान?"

आवाज कोरडा होता का? मला तो ओळखता येत नाही. शु.ला येतो, पण तिच्याशी ते आज दोनच मिनिटं बोलले.

६ फेब्रुवारी

शु.ला सगळं सांगितलं, ब्रेडच्या यीस्टसकट. ती पायरीवर बसली.

"तू काय म्हणालास?"

"बघतो म्हणालो."

"पाठवलं नाहीस तर?"

तर ब्रेडचंच वापरतील. किंवा सोडून देतील. किंवा बाहेर जाऊन तयार आणतील. पाठवलं तर कदाचित नीट होईल आणि ते फक्त हुंगतील, आणि रविवारी फोन करून सांगतील. कदाचित. एखादा पदार्थ महिनोन् महिने स्वतः करून तोंडात न घेणं शक्य आहे, हे मला माहीत आहे. मी तेच करतो आहे. पण मला कधी प्यावीशी वाटलीच नव्हती. माझ्यावरून त्यांचा अंदाज बांधणं म्हणजे पुन्हा बरणीला गोधडी गुंडाळण्यासारखं.

हे तिला म्हटलं. "मग नाही पाठवायचं?" तिने विचारलं.

"नाही" म्हणणं सोपं आहे, आणि मी ते त्यांच्यासाठी म्हणेन की माझी जबाबदारी टळावी म्हणून, हे मला सांगता येत नाही. नाही म्हटलं तर त्यांना पुन्हा कुणी काही विचारणार नाही, एवढं मात्र दिसतं.

"वहिनीला फोन करू?" ती म्हणाली. मग स्वतःच, "केला तर तो मला पुन्हा कधी खरं सांगणार नाही."

फोन केला नाही.

११ फेब्रुवारी, शनि.

सकाळी ब्रूइंगच्या दुकानात गेलो. विकत घ्यायचं म्हणजे पाठवायचं असं नाही, असं गाडीत स्वतःला सांगितलं. यीस्टचं पाकीट तळहाताएवढंही नाही. घरी येऊन फ्रिजमध्ये ठेवलं, लोण्याच्या कप्प्यात. शु.ने दुपारी लोणी काढलं तेव्हा पाहिलं असणार.

१२ फेब्रुवारी, रवि.

रात्रीपासून बर्फ. घाटेची फ्लाइट उद्या, तो संध्याकाळी सामान घ्यायला येणार. रस्ते साफ झाले तर.

शु.ने नागपूरची पिशवी भरली. वहिनींना व्हिटॅमिनच्या गोळ्या, आईला लोकरीचे मोजे, दादांसाठी दोन शर्ट. गळ्याचं माप तिने मोठं घेतलं आहे. वर बदाम, चॉकलेट. सगळं दाबून बसवलं, हाताने सपाट केलं.

मी पेपर घेऊन समोर बसलो होतो. काही बोलेल म्हणून वाट पाहिली. तीही पाहत असावी.

मग म्हणाली, "मी जरा पडते. घाटे आला की दे त्याला."

वर गेली. पिशवी टेबलावर आहे, पाकीट अजून लोण्याच्या कप्प्यात. चेन तिने लावलेली नाही.